काँक्रीटच्या गोधडीचे टाके : नव्या भिंतींमधील एफआरपी कनेक्टर आणि त्यांच्या चाचण्या



इंदूरच्या जुन्या घरांत वाढलेल्या आपल्या मंडळींना हात-दीड हात जाडीच्या भिंती चांगल्या आठवत असतील. राजवाड्याच्या खालच्या मजल्यांचे दगडकाम असो की एखाद्या वाड्याची माती-विटांची भिंत, उन्हापासून बचावाचा उपाय एकच होता, तो म्हणजे जाडी. दिवसभराचे ऊन भिंत पोटात घ्यायची आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग माळव्याची थंड रात्र होतीच. 'शब-ए-माळवा' उगाच प्रसिद्ध नाही.

आता आपली बरीच कुटुंबे फ्लॅटमध्ये राहतात. तिथे भिंत चार ते सहा-आठ इंचांची. मे महिन्यात पश्चिमेकडच्या खोलीच्या भिंतीला संध्याकाळी हात लावला तर ती तव्यासारखी लागते, आणि रात्री अकराला एसी लावूनही खोली निवत नाही. या अडचणीवर बांधकामशास्त्राने काढलेला एक उपाय म्हणजे पोटात उष्णतारोधक थर असलेली, कारखान्यात ओतून आणलेली काँक्रीटची भिंत. पुढील काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांना अशा भिंतींचे घर घेण्याचा प्रसंग येऊ शकतो. ही भिंत कशी असते, तिच्या आतला जीव कशात असतो आणि तो तपासतात कसा, हे सोप्या भाषेत सांगण्यासाठी हा लेख.

इंदूरमधील उदाहरण

कारखान्यात तयार केलेल्या भिंती इंदूरला नव्या नाहीत. केंद्र सरकारने देशातील सहा शहरांत नव्या बांधकाम पद्धतींची प्रात्यक्षिके म्हणून 'लाइट हाउस प्रकल्प' हाती घेतले. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ ही ती शहरे. १ जानेवारी २०२१ रोजी त्यांची पायाभरणी झाली. इंदूरचा प्रकल्प कनाडिया एक्स्टेन्शनमधील गुलमर्ग परिसरात असून त्यात १,०२४ घरे आहेत. त्यासाठी निवडलेली पद्धत होती 'प्रीफॅब्रिकेटेड सँडविच पॅनेल', म्हणजे पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेल्या तयार भिंती.

या भिंतीत बाहेरून दोन पातळ फायबर-सिमेंटचे पत्रे असतात आणि मधे सिमेंट, वाळू, फ्लाय अॅश व थर्मोकोलचे बारीक मणी यांचे हलके मिश्रण भरलेले असते. ते मिश्रण दोन्ही पत्र्यांना चिकटून घट्ट होते, त्यामुळे पत्र्यांना एकत्र धरायला वेगळे काही लागत नाही. शिवाय इमारतीचा भार पोलादी सांगाड्यावर असतो.

याच कुळातली, पण अधिक भारदस्त भिंत म्हणजे आजचा आपला विषय. तिच्यात पातळ पत्र्यांऐवजी खऱ्या काँक्रीटचे दोन थर असतात आणि मधे थर्मोकोल किंवा तशाच फोमची सलग पाटी. इथे मात्र एक प्रश्न उभा राहतो. फोम काही काँक्रीटचे वजन पेलणार नाही. मग बाहेरचा थर टिकून राहतो कशावर?

गोधडी आणि तिचे टाके

आजीने शिवलेली गोधडी डोळ्यांसमोर आणा. वर एक लुगडे, खाली एक लुगडे, मधे जुन्या कापडांचा भर. हे सगळे एकत्र राहते ते धावदोऱ्याच्या टाक्यांमुळे. टाके उसवले की आतला भर गोळा होतो आणि वरचे कापड सुटून येते.

काँक्रीटच्या या गोधडीचे टाके म्हणजे कनेक्टर. बोटाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड काड्या, पट्ट्या किंवा जाळ्या, ज्या फोमच्या आरपार जाऊन दोन्ही टोकांनी काँक्रीटमध्ये रुततात. बाहेरून त्या दिसत नाहीत. भिंत एकदा तयार झाली की पुन्हा पाहताही येत नाहीत. म्हणूनच त्यांची परीक्षा आधी घ्यावी लागते.

भार किती असतो ते पाहू. बाहेरचा थर फक्त ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीचा धरला तरी त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२५ किलो भरते. ३ मीटर उंच आणि ४ मीटर रुंद भिंतीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, म्हणजे वजन झाले दीड हजार किलो. दर चौरस मीटरला चार कनेक्टर धरले तर दीड टनाचा हा थर ४८ काड्यांवर तोललेला असतो, पाचव्या किंवा आठव्या मजल्यावर, रस्त्याच्या किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेच्या वर, आणि तोही पन्नास वर्षे.

पोलाद का नको?

एवढा भार असेल तर सरळ पोलादी गज घालावेत, असे कोणालाही वाटेल. सुरुवातीला तसेच केले जात असे. पण पोलाद उष्णतेचे उत्तम वाहक आहे. थर्मोकोलच्या तुलनेत त्यातून सुमारे चौदाशे पट उष्णता वाहते. एका चौरस मीटर भिंतीत, म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटरमध्ये, १० मिलिमीटर जाडीचे चार गज घातले तर त्यांचे एकूण छेदक्षेत्र जेमतेम ३ चौरस सेंटिमीटर होते. पण ढोबळ हिशेबाने तेवढ्यातून जाणारी उष्णता सुमारे ४,५०० चौरस सेंटिमीटर थर्मोकोलमधून जाणाऱ्या उष्णतेइतकी असते. म्हणजे जाड लोकरी स्वेटर घालायचा आणि त्याला मूठभर भोके पाडायची, असा हा प्रकार. त्यात पोलादाला गंजाचीही भीती.

म्हणून पुढे आले एफआरपी, म्हणजे फायबर-रीइन्फोर्स्ड प्लास्टिक. काचेचे केसासारखे बारीक तंतू रेझिनमध्ये भिजवून, तापलेल्या साच्यातून ओढून काढले की कडक काडी तयार होते. साधारणपणे यासाठी व्हिनिल एस्टर जातीचे रेझिन वापरतात. ओढण्याच्या दिशेने ही काडी पोलादाशी स्पर्धा करेल इतकी मजबूत असते. तिच्यातून उष्णता मात्र पोलादाच्या साधारण शंभराव्या हिश्शानेच जाते. वरच्या उदाहरणात गजांच्या जागी एफआरपी घातले तर उष्णतेची गळती ४५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर येते. गंजाचा तर प्रश्नच उरत नाही.

मग चाचण्या कशासाठी? कारण एफआरपीचे काही स्वभाव पोलादापेक्षा अगदी वेगळे आहेत. पोलाद तुटण्याआधी ताणते, वाकते, एक प्रकारे हाक मारून सांगते. एफआरपी फारसे ताणत नाही, मर्यादा ओलांडली की एकदम तुटते. लांबीच्या दिशेने ते बलवान, पण आडव्या दिशेने त्यामानाने कमजोर. वर काँक्रीटचा अल्कधर्मी ओलावा काचेच्या तंतूंना बाधक. हे सगळे तपासल्याशिवाय दीड टन वजन त्याच्यावर सोपवता येत नाही.

चाचणी पहिली : काडीची

सर्वप्रथम काडी एकटीच तपासली जाते. तिला दोन्ही टोकांनी यंत्रात पकडून तुटेपर्यंत ओढतात. छोटा तुकडा दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबतात, म्हणजे तंतू आणि रेझिन यांचे थर एकमेकांपासून कधी सुटतात ते कळते. आणखी एक तुकडा भट्टीत जाळतात. रेझिन जळून जाते, काच उरते. उरलेल्या काचेच्या वजनावरून तंतूंचे प्रमाण कळते. दिसायला सारख्या दोन काड्यांपैकी एकीत काच कमी आणि प्लास्टिक जास्त असू शकते, ते इथे उघडे पडते.

चाचणी दुसरी : उपटण्याची

आता काडीचे टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात रुतवून तो पुरेसा पक्व होऊ देतात आणि मग काडी सरळ ओढतात. वाऱ्याच्या झोताने बाहेरचा थर खेचला जातो, त्याची ही नक्कल. यात तीन गोष्टी घडू शकतात. काडी तुटेल, काडी काँक्रीटमधून सरकून बाहेर येईल, किंवा काडीसोबत काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा निघून येईल. किती भारावर सुटले याइतकेच कसे सुटले हेही नोंदवतात, कारण त्यावरून दोष काडीत आहे, पकडीत आहे की काँक्रीटमध्ये, हे ठरते.

एकाच नमुन्यावर निकाल देत नाहीत, अनेक नमुने घेतात. इथे सरासरीचा फसवा खेळ समजून घेण्यासारखा आहे. समजा एका कंपनीच्या पाच काड्या ११, १०.५, ११.५, ११ आणि ११ किलोन्यूटनला सुटल्या. दुसरीच्या १४, १३, १२, ९ आणि ७ ला. दोन्हींची सरासरी ११ च आहे. पण भिंत सरासरीवर उभी राहत नाही. दुसऱ्या कंपनीची ७ ची काडी आधी सुटली की तिचा भार शेजारणीवर, मग तिच्या शेजारणीवर. म्हणून अभियंते सरासरीऐवजी 'शंभरातल्या किमान पंच्याण्णव काड्या नक्की गाठतील' असा आकडा काढतात आणि त्यालाही सुरक्षिततेच्या गुणकाने कमी करून मगच वापरतात. नमुन्यांत विखुरणे जास्त असेल तर हा आकडा आपोआप खाली येतो.

चाचणी तिसरी : सरकण्याची

बाहेरच्या थराचे वजन काडीला उपटत नाही, ते तिला खाली ओढते. म्हणून काँक्रीटच्या तीन पाट्या आणि त्यांच्यामध्ये फोमचे दोन थर असा नमुना करतात. बाहेरच्या दोन पाट्या जमिनीवर टेकवतात आणि मधली वरून दाबतात. किती भाराला ती किती मिलिमीटर सरकली, याचा आलेख काढतात.

यात एक मेख आहे. ताज्या भिंतीत फोम काँक्रीटला चिकटलेला असतो आणि तोही थोडा भार उचलतो. पण उन्हाळे-पावसाळे जातात तशी ही चिकटण कमी होत जाते. त्यामुळे काही नमुन्यांत फोम आणि काँक्रीट यांच्यामध्ये मुद्दाम प्लास्टिकचा पातळ कागद घालून चिकटण तोडतात आणि एकट्या कनेक्टरची ताकद मोजतात. चाचणीचा अहवाल पाहताना आकडा फोमच्या चिकटण्यासह आहे की त्याविना, हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

चाचणी चौथी : काळाची

काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो, आणि अशा ओलाव्यात साध्या काचेचे तंतू हळूहळू झिजतात. रेझिनचे आवरण हेच त्यांचे चिलखत. ते किती टिकेल हे पाहायला पन्नास वर्षे थांबता येत नाही, म्हणून काळाला घाई करावी लागते. काड्या तशाच अल्कधर्मी द्रावणात, साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानात, काही आठवडे ते काही महिने बुडवून ठेवतात. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होते. नंतर त्या ओढून तोडतात आणि मूळ ताकदीपैकी किती उरली ते पाहतात.

दुसरी काळजी सततच्या भाराची. काचतंतूंचे एफआरपी एखाद्या क्षणी जेवढे पेलते, तेवढे कायम पेलू शकत नाही. भार वर्षानुवर्षे राहिला तर ते कमी भारालाही तुटू शकते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत काचतंतूंच्या गजांसाठी कायमच्या भाराची मर्यादा त्यांच्या ताकदीच्या २० टक्क्यांवर ठेवलेली आहे. पाचपट ताकद असूनही एकपटच काम द्यायचे, असा हा हिशेब.

चाचणी पाचवी : अख्ख्या भिंतीची

सुटे भाग पास झाले म्हणून भिंत पास झाली असे नाही. म्हणून पूर्ण आकाराची भिंत करून ती दोन टोकांवर टेकवतात आणि जॅकने किंवा हवेच्या पिशव्यांनी दाबतात. ती किती वाकते आणि तिचे दोन थर टोकाशी एकमेकांवरून किती सरकतात, हे मोजतात.

यामागचे तत्त्व घरीही पडताळता येते. दोन फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवून वाकवा, सहज वाकतात. त्याच चिकटवून वाकवा, बऱ्याच ताठ होतात. ५० मिलिमीटरचे काँक्रीट, ५० चा फोम आणि पुन्हा ५० चे काँक्रीट अशा भिंतीत कनेक्टरने दोन्ही थर पूर्णपणे एकजीव केले, तर ती दोन सुट्या थरांच्या मानाने हिशेबाने १३ पट ताठ होते. प्रत्यक्षातली भिंत या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. नेमकी कुठे, ते ही चाचणीच सांगते.

मग थर पूर्ण एकजीवच का करू नयेत? याचे उत्तर आपल्या उन्हात आहे. दुपारी बाहेरचा थर ६० अंशांपर्यंत तापला आणि आतला २८ वर राहिला, तर ३ मीटर उंचीत बाहेरचा थर आतल्यापेक्षा सुमारे १ मिलिमीटर लांब होऊ पाहतो. दोन्ही थर घट्ट बांधलेले असतील तर अख्खी भिंत मधोमध सुमारे साडेतीन मिलिमीटर बाहेर फुगते. रात्री ती पुन्हा सरळ. माळव्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक बराच, त्यामुळे हे रोजचेच. पन्नास वर्षांत अठरा हजारांहून जास्त वेळा. दोन पॅनेलांच्या सांध्यातील सीलंट या हालचालीने उसवले की जुलैमध्ये पाणी आत येते. म्हणून कनेक्टर वजन पेलण्याइतका ताठ आणि उन्हाची हालचाल सोसण्याइतका लवचिकही असावा लागतो. हा तोल साधला आहे का, हे पाहण्यासाठी भिंतीला पुन्हा पुन्हा तापवून, थंड करून, भार चढवून-उतरवून तपासतात.

आणि आग

एफआरपीची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे आग. त्यातले रेझिन साधारण शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते. थर्मोकोलही तेवढ्यातच आकसतो आणि वितळतो. उलट प्रमाणित अग्निचाचणीत भट्टीचे तापमान पहिल्या तासाच्या शेवटी ९४५ अंशांवर असते. आपल्याकडे इमारतीच्या भागांच्या अग्निरोधाची चाचणी आयएस ३८०९ या मानकानुसार होते. काँक्रीटचा थर हेच इथले संरक्षण. तो किती जाड आहे, आणि खिडकी-दरवाजांच्या कडेला फोम उघडा पडतो की तिथेही काँक्रीट किंवा न जळणारी सामग्री आहे, यावर बरेच अवलंबून असते.

सांध्यांकडे दुर्लक्ष झाले तर

१६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारत कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांची होती. एक भिंत निसटली आणि इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चार जणांचा जीव गेला. तिथे एफआरपी कनेक्टर नव्हते, पण तयार भिंतींच्या बांधकामाला तो कायमचा धडा आहे. पॅनेले मजबूत होती, दुबळे होते ते त्यांना धरणारे सांधे.

प्रयोगशाळेतले निकाल कितीही चांगले असोत, कारखान्यातले काम तेवढेच चोख लागते. बाहेरचा थर ओतल्यावर त्यावर फोम ठेवतात आणि त्यातील भोकांतून कनेक्टर खालच्या ओल्या काँक्रीटमध्ये खोचतात. काँक्रीट ओले असेपर्यंतच ही पकड नीट बसते. इंदूरच्या मे महिन्यात ते लवकर आवळू लागते. उशीर झाला तर काडीभोवती पोकळी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक ओतणीची वेळ, काड्यांची संख्या आणि खोली यांची नोंद ठेवली जाते.

घर घेताना काय विचारावे?

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'ने घरांच्या बाहेरील भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचवली आहे. त्यामुळे 'इन्सुलेटेड वॉल' हा शब्द आता जाहिरातींत दिसू लागेल. त्या वेळी पुढील प्रश्न निःसंकोच विचारा :

१. भिंत कोणत्या प्रकारची आहे : हलक्या गाभ्याचे पॅनेल, की काँक्रीट-फोम-काँक्रीट?

२. कनेक्टर पोलादाचा की एफआरपीचा? दर चौरस मीटरला किती?

३. उपटण्याच्या आणि सरकण्याच्या चाचण्यांचा अहवाल आहे का? नमुने किती होते, आणि सर्वांत कमी निकाल कोणता?

४. अल्कधर्मी द्रावणातील आणि आगीच्या चाचण्या झाल्या आहेत का, त्या याच जाडीच्या भिंतीवर का?

५. सांध्यांतील सीलंट किती वर्षांनी बदलावे लागेल, आणि तो खर्च कोणाचा?

उत्तरे सगळी समजली नाहीत तरी चालेल. अहवालाची प्रत घ्या आणि ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आपल्या समाजात अभियंत्यांची वाण नाही!

अशा घरात आधीच राहत असाल तर एक गोष्ट सांभाळा. एसीचे बाहेरचे युनिट, मोठी जाळी, कुंड्यांचे स्टँड किंवा पत्र्याची शेड बाहेरच्या भिंतीला ठोकण्याआधी सोसायटीमार्फत बांधकाम करणाऱ्याला विचारा. तो बाहेरचा थर दोन-अडीच इंचांचाच असू शकतो आणि त्याचे स्वतःचे वजनही त्या काड्यांवरच आहे. वजन कुठे टेकवायचे, याच्या जागा आराखड्यात ठरलेल्या असतात. नवी खिडकी फोडणे किंवा असलेली मोठी करणे तर तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय करूच नये. एक टाका तोडला तर गोधडी लगेच उसवत नाही, पण त्याचा ताण शेजारच्या टाक्यावर येतोच.